येळवसेला माझे कान टोचले

मित्रांनो, जरा दमानं घ्या. मला आता घाई झेपत न्हाय. मी एक पिकअप गाडी हाय, जुनी आन दमलेली. किती जुनी म्हणाल, तर माझ्या हॉर्नला खोकला झालाय, दिव्यांना मोतीबिंदू झालाय, आन माझ्या टपावर एका घारीच्या तीन पिढ्या नांदून गेल्यात. खोटं वाटत असंल तर जाऊन घारीला विचारा. ती माझ्यापेक्षा जास्त फेकते.

माझं पुढचं निम्मं अंग लांबच्या कारखान्यात झालं. मागचा हौदा मात्र सोलापुरातल्याच सुतारानं बाभळीच्या लाकडाचा केला. त्यामुळं माझं तोंड शहरातलं आन पाठ गावाकडली. तोंडानं मी इंग्रजीत गुरगुरते आन पाठीनं मराठीत कण्हते. हल्ली गुरगुरणं कमी झालंय, कण्हणंच चालू असतं.

माझे मालक रुद्रप्पा. पेंड आन सरकीचा धंदा. मला घरी आणलं त्या दिवशी त्यांच्या बायकोनं, अक्कम्मानं, मला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग रुद्रप्पांनी स्वतः माझं डावं दार उघडलं आन म्हणले, "अक्कम्मा, ही जागा तुझी. हितं दुसरं कुणी बसणार न्हाय."

तुमाला वाटंल, त्यात काय एवढं? लई हाय. त्या काळात बाईमाणूस गाडीत मागं बसायचं, पोत्यांवर, लेकरं मांडीवर घेऊन. पुढं बसायचा सासरा, न्हायतर दीर, न्हायतर नुसताच रुमाल टाकून धरलेली जागा. अक्कम्मा पुढं बसायची. कोपर खिडकीत टाकून, पदर सावरत. मंद्रूपला तिचं माहेर. बाजाराच्या दिवशी आमी तितं शिरलो की अख्खा बाजार माना वळवायचा. एकदा तर एक बैल इतका वळून बघत राहिला की त्याची मान तशीच राहिली, मालकानं त्याला पुढं उलटं जुंपलं.

बहात्तरच्या दुष्काळात मी कडबा वाहिला, पाण्याची पिपं वाहिली. ऊन असं की माझी सावली दमून माझ्याच पोटाखाली येऊन बसायची. तरी मी कुरकुरले न्हाय. कारण रुद्रप्पा मला जपायचे. संध्याकाळी खांद्यावरचा रुमाल काढून माझं बॉनेट पुसायचे. एखादी कोंबडी माझ्यावर चढली तर तिच्या मालकिणीशी भांडायचे. "माझ्या लक्ष्मीला ओरखडा पडता कामा नये," म्हणायचे. मित्रांनो, एवढं जपलं की कुणालाबी मस्ती चढते. मलाबी चढली होती.

मग तो पाव्हणा आला.

झालं असं, रुद्रप्पांना बिनतारीचा नाद लागला. घरबसल्या यंत्रात बोलायचं आन लांबच्या परक्या माणसाशी ओळख करायची, निव्वळ हौसेपायी. त्याला हॅम रेडिओ म्हणतात. सरकार त्याची परीक्षा घेतं, परवाना देतं. रुद्रप्पांनी पेंड विकता विकता अभ्यास केला, परीक्षा दिली, परवाना मिळवला, गाडीत यंत्र बसवायची परवानगीबी मिळवली. का, तर घरात त्यांना कायच ऐकू येत नव्हतं. आमच्या गल्लीत दोन्ही अंगाला यंत्रमाग. मागाच्या मोटारी चालू झाल्या की यंत्रातनं नुसता भजी तळल्याचा आवाज. अमेरिका लावा न्हायतर मद्रास लावा, सगळीकडं भजीच. म्हणून ठरलं, यंत्र गाडीत बसवायचं आन वळसंगच्या शेतात जाऊन बोलायचं. तितं ना माग, ना मोटार.

यंत्र होतं मिलिटरीच्या मोडीतलं. काळं, चौकोनी, जात्याएवढं जड. ते बसवायला सोमलिंग आला. सोमलिंग म्हणजे रुद्रप्पांचा लंगोटीयार, मागाच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा. त्यानं मला आतनं-बाहेरनं बघितलं, माझ्या डॅशबोर्डाखाली टिचकी मारली आन म्हणला, "हितं बसवू. पत्र्याला भोक पाडायचं, रंग खरवडायचा, बोल्टानं आवळायचं. लोखंडाला लोखंड भिडलं पायजे, तरच तुझा आवाज भाईर जाईल."

"भोक?" रुद्रप्पांचा चेहरा असा झाला, जणू त्यांच्याच छातीला पाडायचंय. "माझ्या लक्ष्मीला भोक? नाव काढू नको."

"अरे, मग कसं बसवू? कडेवर घेतोस का त्याला?"

"बांध की कुटंबी. सुतळीनं बांध."

सोमलिंगनं कपाळाला हात लावला. पण यार तो यार. त्यानं अक्कम्माच्या जागेवर गोधडी अंथरली, गोधडीवर यंत्र ठेवलं आन सीटला सुतळीनं करकचून बांधलं. यंत्राची एरियल, म्हणजे एक उंच काठी, हौद्याच्या लाकडी खांबाला सायकलच्या ट्यूबनं आवळली. वायरी खिडकीतनं आत घेतल्या, त्यामुळं खिडकी कायमची उघडी. माझ्या अंगाला एक भोक पडलं न्हाय, एक ओरखडा उठला न्हाय. मी लई खूश. माझी इभ्रत शाबूत!

अक्कम्मा बाहेर आली. आमच्याकडं बाया नवऱ्याला नावानं हाक मारत न्हाईत, कानडीत 'री' म्हणतात.

"री, हे काय?"

"रेडिओ."

"रेडिओ व्हय. आन मी कुटं बसू?"

"मागं बस की. मोकळं हाय, वारा लागतोय."

"मग त्यालाच बसवा की मागं. लागू दे वारा."

"त्याला धूळ सोसत न्हाय, अक्कम्मा."

"अय्यो! आन मला सोसती?"

रुद्रप्पा कायतरी वायर शोधायला माझ्या बॉनेटात शिरले.

त्या दिवसापासनं अक्कम्मा माझ्यात बसलीच न्हाय. माहेरी एसटीनं जाऊ लागली. मंद्रूपच्या बाया विचारायच्या, "अक्कम्मा, गाडी इकली काय गं?"

"न्हाय," ती म्हणायची, "गाडीत पाव्हणा बसलाय. उठायचं नाव घेत न्हाय."

हसून सांगायची ती. पण घरी आल्यावर माझ्याजवळनं जाताना तोंड फिरवायची, आन ते मला लागायचं.

पाव्हण्यानं तरी काय दिवे लावले? रुद्रप्पा मला वळसंगच्या शेतात नेऊन उभी करायचे, इंजिन बंद करायचे, कारण माझ्या घरघरीनं यंत्रात पुन्हा भजी तळायला लागायची. मग कानाला डबडं लावून बोलत बसायचे. "सीक्यू, सीक्यू," म्हणजे, कुणी हाय का, कुणी हाय का. हाळीवर हाळी. लांबची माणसं त्यांना ऐकू यायची, बरं का. कुणी कुणाला हवा-पाणी सांगतंय, कुणी हसतंय. पण रुद्रप्पांचा आवाज कुणालाच पोचायचा न्हाय. तो काठीवरनं बाहेर पडायचा आन शेजारच्या बांधावर पाय घसरून पडायचा. एकदा एका टिटवीनं उत्तर दिलं. तेवढंच.

आन पाव्हण्याची भूक! माझी सगळी बॅटरी तो पिऊन टाकायचा. परत निघायच्या वेळेला मी चालूच होत नव्हते. मग गावातली माणसं बोलवायची, मला ढकलायची. त्यांच्या कमरा गेल्या, माझे सांधे गेले. पेंडीचं ओझं मी जन्मभर वाहिलं, त्यानं दमले न्हाय. पण ह्या फुकाच्या ढकलाढकलीनं दमले. खरी दमले ती तेव्हापासनं.

आन मग येळवस आली. मार्गशीर्षातली अवस. आमच्या भागात त्या दिवशी घरात कुणी जेवत न्हाय, सगळी शेतात. कडब्याची छोटी खोप करायची, तिच्यात पाच दगड मांडायचे, ते पाच पांडव. त्यांना आंबील, भज्जी म्हणजे पालेभाज्या-शेंगांची मिसळ, बाजरीचे उंडे, खीर वाहायची आन मग आपण जेवायचं. अक्कम्मानं ज्वारीच्या पिठाची आंबट आंबील केली होती, ताकातली, मीठ घालून, बिंदगीभर, म्हणजे कळशीभर. भरलेली बिंदगी घेऊन एसटीत कंडक्टर घेईना. शेवटी ती माझ्या हौद्यात चढली.

सरकीच्या पोत्यावर बसली, केबिनकडं पाठ करून. मांडीवर बिंदगी. एका हातानं तिनं माझ्या हौद्याचा फाळका धरला होता. मी हळू चालायचा लई प्रयत्न केला, पण वळसंगचा रस्ता माझं ऐकतोय कुटं! प्रत्येक खड्ड्याला आंबील हिंदकळायची आन तिच्या नव्या इरकली लुगड्यावर सांडायची. पुढच्या सीटवर पाव्हणा गोधडीवर बसून आरामात डुलत होता.

शेतावर रुद्रप्पांची आत्या आली होती, ईरम्मा. वळसंगलाच राहायची. नजर अधू, पण जीभ अशी की लिंबू कापावं.

"अगं बया," ती म्हणली, "पेंडीबरोबर तुलाबी इकायला काढलं काय गं रुद्रप्पानं?"

शेजारच्या शेतातल्या बाया खळाळून हसल्या. अक्कम्माबी हसली, तोंडापुरती. मग तिनं बिंदगी खाली ठेवली, लुगडं झटकलं आन सरळ रुद्रप्पांपुढं जाऊन उभी राहिली.

"री, एक सांगते, नीट ऐका. जाताना मी ह्या हौद्यात बसणार न्हाय. पुढं जागा झाली तर येते. न्हाय झाली तर मी आत्याकडं राहते. तितनं मंद्रूपला जाईन. मग तुमी आन तुमचा पाव्हणा, दोघं मिळून भाकरी थापा."

"सणासुदीचं काय बोलतीस!" रुद्रप्पा हसले. मग तिचं तोंड बघितलं आन हसू पुसलं. "बरं, बघू," म्हणले. 'बघू' म्हणजे काय, ते तिला पंधरा वर्षांच्या संसारात पाठ होतं. ती वळून चुलीकडं गेली. मला घाम फुटला. तुमी म्हणाल, रेडिएटर गळत असंल. असंल. पण मला घामच वाटला.

त्या दिवशी सोमलिंगनं नवा उपाय आणला होता. लोखंडाची एक सळई. ती त्यानं माझ्या शेजारी, खोपीला लागूनच, जमिनीत ठोकली आन तिला यंत्राची वायर बांधली. म्हणला, "तू भोक पाडू देत न्हाईस, तर निदान जमिनीला तरी हात लावू दे." पण जमीन वरनं वाळून भेगाळलेली. रुद्रप्पा "सीक्यू, सीक्यू" करत राहिले, कुणी ओ देईना.

इकडं ईरम्मा आत्या पांडवांना आंबील द्यायला आली. हातानं चाचपून तिनं खोपीतले दगड मोजले, पाच. मग तिचा हात लागला सळईला.

"हा सहावा कोण रे?"

रुद्रप्पांच्या कानाला डबडं, सोमलिंग माझ्या चाकापाशी वाकलेला. आत्यानं आपलं आपणच ठरवलं.

"कर्ण असंल," ती म्हणली. "थोरला तोच की. बिचाऱ्याला भावांच्या पंगतीत कुणी कधी बसवलं न्हाय. घे बाबा, तूबी घे."

आन तिनं उरलेली निम्मी बिंदगी सळईच्या बुडात ओतली. वर हळद-कुंकू.

मित्रांनो, आता मी जे सांगते त्यातलं निम्मं खरं धरा. कुठलं निम्मं, ते तुमी ठरवा. आंबील भेगांत शिरली, जमिनीनं घोट घोट पिऊन ढेकर दिली, आन रुद्रप्पांच्या तोंडातली "सीक्यू" जी सुटली ती वळसंगचा बांध, अक्कलकोटचा माळ, कानडी मुलूख, समुद्र, सगळं ओलांडून थेट सिलोनात जाऊन पडली. वाटेत दोन ढग फाटले म्हणतात. सिलोनातला एक माणूस इंग्रजीत म्हणला, "तुमचा आवाज येतोय, बोला."

रुद्रप्पा बोलायचंच विसरले. वर्षभर "कुणी हाय का" विचारणाऱ्याला कुणी "हाय" म्हणलं की काय बोलायचं? शेवटी म्हणले, "माय नेम इज रुद्रप्पा. आज येळवस हाय." सिलोनवाला काय समजला देव जाणे, पण त्यानं अभिनंदन केलं.

मग जो नाच झाला! रुद्रप्पा आत्याच्या पाया पडले, सळईच्या पाया पडले. सोमलिंगनं आंबिलीत बोट बुडवून चाटलं.

"मीठ," तो म्हणला. "खारट ओल मिळाली, म्हणून सळई जमिनीला भिडली. बाकी चमत्कार न्हाय. आन रुद्रप्पा, हेच मी पहिल्या दिवसापासनं बोंबलतोय. गोधडीवर यंत्र आन लाकडाला काठी, कशाला कायच भिडत न्हाय. गाडीच्या पत्र्याला भिडव, म्हणजे दर वेळी आंबील घेऊन फिरावं लागणार न्हाय."

अक्कम्मा चुलीपासनं उठून आली. हात पिठाचे तसेच.

"सोमलिंगण्णा, पत्र्याला भिडवायचं म्हणजे कुटं बसवायचं?"

"हितं, डॅशबोर्डाखाली. वैनी, तुमचे पाय जरा तिरके ठेवावे लागतील, बाकी सीट मोकळी."

"म्हणजे हे आधीबी तितं बसलं असतं?"

सोमलिंगनं ड्रिल-पान्यांच्या पिशवीत डोकं घातलं. रुद्रप्पा सळईची वायर पुसायला लागले. मी काय सांगणार, मी तर मुळातच गाडी.

"मग अडलं कुटं?"

"भोक पाडावं लागतंय," रुद्रप्पा हळूच म्हणले. "लक्ष्मीच्या अंगाला भोक कसं पाडू, अक्कम्मा? मनच होत न्हाय."

अक्कम्मानं त्यांच्याकडं बघितलं. मग स्वतःच्या नाकाला बोट लावलं.

"हे भोक न्हाय? कानाला ही दोन, ती काय जन्मताना घेऊन आले? मी दीड वर्षाची होते, तवा टोचले. लई रडले म्हणतात. तवा कुणाला वाटलं न्हाय, लक्ष्मीला भोक कसं पाडू. मला मागं पोत्यावर बसवताना मन झालं. पत्र्याला टोचताना होत न्हाय. छान हाय की."

दूर कुणीतरी आंबील शिंपत शेताला फेरी घालत होतं, त्याची आरोळी तेवढी ऐकू आली.

रुद्रप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढला. मला वाटलं, डोळे पुसतात. त्यांनी माझं दार उघडलं, वाकून डॅशबोर्डाखालचा पत्रा पुसला आन म्हणले, "सोमलिंग, ड्रिल काढ."

मित्रांनो, खरं सांगते, मी भ्याले. एवढ्या वर्षांत मला खिळा लागला नव्हता. पण अक्कम्मा म्हणली, "थांबा. असंच न्हाय करायचं. पोरीचे कान टोचतो तसं करायचं." तिनं माझ्या बॉनेटावर हळद-कुंकू लावलं. गूळ-खोबरं आणून ठेवलं.

"लेकरू मामाच्या मांडीवर पायजे," आत्या म्हणली. "हिचा मामा कोण?"

"मी धरतो," रुद्रप्पा म्हणले. आन त्यांनी माझं दार दोन्ही हातांनी घट्ट धरलं, तोंड ज्वारीकडं फिरवलं. मालकाचे मामा झाले!

सोमलिंगनं हातड्रिल टेकवलं आन मूठ फिरवली. काय सांगू! कर्र कर्र करत ते आत शिरलं. माझे सगळे नटबोल्ट शहारले. लोखंडाचे कुरळे कीस खाली पडले. मग दुसरं भोक. मग मागं लोखंडी पट्टीला एक, काठीसाठी. एरवी एवढ्याला मी रस्त्यात बसकण मारली असती. पण अक्कम्मा तितंच उभी होती, आन प्रत्येक भोकाला माझ्या बॉनेटावर थापटत होती, "झालं गं, झालं." त्यानं सोसलं.

पाव्हण्याची सुतळी कापली. गोधडी निघाली. तो आपल्या जागेवर, खाली बोल्टात जाऊन बसला. अक्कम्मानं सीट झाडली. आत्या म्हणली, "आता बस की गं पोरी." ती म्हणली, "आधी पांडवांचं जेवण होऊ द्या." आन सगळी जेवायला बसली. त्या दिवशीची भज्जी मला मिळाली न्हाय, पण गूळ मात्र मुंग्यांनी माझ्या नावानं खाल्ला.

निघताना रुद्रप्पांनी डावं दार उघडलं. अक्कम्मा चढली, पाय तिरके केले, कोपर खिडकीत टाकलं. मला वाटलं, आता ती ऐटीत बघणार, बायांकडं, रस्त्याकडं. तसं कायच झालं न्हाय. वळसंगची शेवटची घरं मागं पडायच्या आत तिची मान कलली आन ती झोपली. पहाटेपासनं राबलेली, तिथं बसण्यासाठी वर्षभर अडून राहिलेली बाई, त्या जागेवर घरापर्यंत झोपून गेली. रुद्रप्पांचा हात एकदा यंत्राच्या बटनाकडं गेला. सिलोनवाला पुन्हा भेटला असता. त्यांनी हात मागं घेतला. खड्डा आला की ते मला इतकं हळू काढायचे की मागच्या बैलगाड्या हॉर्न द्यायला लागल्या. बैलगाडीला हॉर्न नसतो म्हणता? त्या दिवशी होता.

आता माझं काय उरलंय? लिंबाखाली उभी असते. रंग उडाला, हौदा कुजला. ती भोकं गंजून मोठी झालीत, पावसात त्यांतनं पाणी आत येतं. मेस्तरी म्हणतो, बुजवून टाकू. त्यानं मला गॅरेजला न्यायचं म्हणलं की मी मुद्दाम सुरूच होत न्हाय, मग तो नाद सोडतो.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या वस्तूंना जपा. तेल-पाणी वेळेवर घाला, पुसा, ओरखडे पडू देऊ नका. आमाला ते लई आवडतं, खोटं का बोलू? पण एक म्हातारी पिकअप सांगते ते ध्यानात ठेवा. आमाला इतकंबी जपू नका की त्यापायी घरातलं माणूस मागं पोत्यावर जाऊन बसंल. आमाला भोक पडलं तर पडू द्या. आमी लोखंडाचे हाओत, आमचं भागतं.